नावासाठी अडून बसलेला माणूस

समजा, परीक्षेच्या हॉल तिकिटावर तुमच्या नावाऐवजी नुसतं ‘अमक्याची मुलगी’ किंवा ‘तमक्याची बहीण’ असं छापून आलं, तर? कॉलेजचं ऑफिस डोक्यावर घ्याल ना! पण देशाची पहिली मतदार यादी तयार होत होती, तेव्हा लाखो बायकांची नोंद अशीच झाली होती. ती मान्य करायला एका माणसानं ठाम नकार दिला. ते होते सुकुमार सेन, भारताचे पहिले मुख्य निवडणूक आयुक्त.

सेन बंगालचे. कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात आणि पुढे लंडनला शिकले, गणितात सुवर्णपदक मिळवलं. १९२१ मध्ये आयसीएसमध्ये दाखल झाले. जिल्ह्याजिल्ह्यांत काम केलं, न्यायाधीश झाले, मग पश्चिम बंगालचे मुख्य सचिव. मार्च १९५० मध्ये निवडणूक आयोगाची धुरा त्यांच्याकडे आली. पंतप्रधान नेहरूंना निवडणूक लवकर हवी होती. सेन यांनी मात्र वेळ मागून घेतला.

का? इंग्रजांच्या काळात मालमत्ता, कर, शिक्षण अशा अटींमुळे मत मोजक्यांनाच होतं. राज्यघटनेनं ते २१ वर्षांवरच्या सगळ्यांना दिलं. मतदार झाले सुमारे १७ कोटी ६० लाख आणि त्यातल्या शंभरातल्या ८५ जणांना लिहिता-वाचता येत नव्हतं. म्हणून पक्षांना चिन्हं दिली, प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी ठेवली. अशा २० लाख पोलादी पेट्या बनल्या. कुणी दोनदा मत देऊ नये म्हणून बोटाला न पुसणारी शाई आली. हिमाचलात बर्फ पडायच्या आत, २५ ऑक्टोबर १९५१ ला पहिली मतं पडली. बाकी देशाचं मतदान फेब्रुवारी १९५२ पर्यंत चाललं.

पण खरी कसोटी लागली ती यादीत. उत्तरेतल्या काही राज्यांत बायका परक्या माणसाला आपलं नाव सांगेनात. कर्मचाऱ्यांनी सरळ ‘अमक्याची आई’, ‘तमक्याची बायको’ असं लिहून टाकलं. सेन यांनी बजावलं, नाव हवंच. तरीही ज्यांची नावं मिळाली नाहीत, अशा सुमारे २८ लाख बायका यादीतून वगळल्या गेल्या.

निर्णय कठोर होता, यात वाद नाही. रीत समाजाची, आणि किंमत मोजली त्या बायकांनी. ओरडही झाली. पण ‘अमक्याची बायको’ म्हणून कुणीही मत देऊन जाऊ शकलं असतं. शिवाय मत नात्याला नसतं, माणसाला असतं. तेव्हा सूट दिली असती, तर तीच रीत झाली असती. पुढच्या, १९५७ च्या निवडणुकीपर्यंत बायकांची नोंदणी बरीच वाढली.

मधल्या काळात, १९५३ मध्ये, सुदाननंही आपल्या निवडणुकीसाठी सेन यांनाच बोलावलं. १९५८ मध्ये ते पदावरून उतरले.

आता तुमच्याकडे येऊ. १९८९ पासून मतदानाचं वय १८ आहे. १७ पूर्ण झाली की आधीच अर्ज करता येतो, तोही घरबसल्या मोबाइलवरून. फॉर्म क्रमांक ६. जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर यांपैकी ज्या महिन्याच्या १ तारखेला तुम्ही १८ वर्षांचे असाल, तेव्हापासून नाव यादीत येऊ शकतं.

त्या २८ लाख जणींचं पहिलं मत नाव न सांगितल्यानं गेलं. तुमचं नुसत्या कंटाळ्यानं जायला नको. आजच भरून टाका!