सनदेच्या शोधात चेरोकी नायक दुवाली

फ्रिस्को (टेक्सास) : फ्रिस्कोहून दक्षिणेकडे निघाले की डॅलसच्या परिसरात ट्रिनिटी नदीच्या शाखा एकत्र येतात. १८१९-२० च्या हिवाळ्यात सुमारे साठ चेरोकी कुटुंबांनी या भागात मुक्काम टाकला होता. त्यांचे नायक होते दुवाली. वसाहतकार त्यांना चीफ बोल्स या नावाने ओळखत.

दुवालींचा जन्म १७५६ च्या सुमारास नॉर्थ कॅरोलिनात झाला. आई चेरोकी, वडील बहुधा स्कॉटिश. तरुणपणी ते वसाहतकारांविरुद्ध लढले. पुढे वसाहतींचा रेटा वाढला, तसे १८१० मध्ये आपल्या लोकांसह ते मिसिसिपीपलीकडे मिसुरीत गेले. तेथून आर्कान्सा आणि अखेर मेक्सिकोच्या सीमेतील टेक्सास. ट्रिनिटीकाठी मैदानी टोळ्यांनी टिकू दिले नाही, म्हणून ते पूर्वेकडे नॅकोगडोचेसच्या उत्तरेस सरकले. ही भूमी मूळची कॅडो लोकांची. तेथे चेरोकींनी मक्याची शेते केली, गुरे पाळली, गावे वसवली.

मात्र वारंवारच्या विस्थापनाने दुवालींना एक धडा दिला होता : कसलेली जमीन सनदेवाचून आपली राहत नाही. पुढील सारी धडपड त्या सनदेसाठी झाली. १८२२ मध्ये त्यांचे सहकारी रिचर्ड फील्ड्स मेक्सिकोत अर्ज घेऊन गेले. आश्वासने मिळाली, पट्टा मिळाला नाही. निराश फील्ड्स फ्रेडोनियन बंडात सामील झाले. दुवाली सरकारशी एकनिष्ठ राहिले आणि मेक्सिकन सैन्यात लेफ्टनंट कर्नल झाले. १८३३ मध्ये ते स्वतः सॅन अँटोनियोला गेले. पुन्हा तेच उत्तर.

मग टेक्सासने मेक्सिकोविरुद्ध शस्त्र उचलले. पिछाडीला चेरोकी शांत राहणे नव्या सत्तेला निकडीचे होते. २३ फेब्रुवारी १८३६ रोजी, सांता आनाचे सैन्य अलामोपाशी पोहोचले त्याच दिवशी, सॅम ह्यूस्टन यांनी दुवालींशी तह केला. अँजेलिना, नेचेस आणि सबाइन नद्यांच्या आसपासचा प्रदेश चेरोकींचा ठरला. चेरोकींनी तटस्थतेचा शब्द पाळला. युद्ध जिंकल्यावर टेक्सास प्रजासत्ताकाच्या सिनेटने डिसेंबर १८३७ मध्ये तह रद्दबातल ठरवला.

यात नवल नव्हते. न्यूयॉर्कमधील ओनायडा लोक अमेरिकन क्रांतीत वसाहतींच्या बाजूने लढले होते. १७९४ च्या तहाने त्यांची भूमी मान्य झाली. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्क राज्याने केंद्राच्या संमतीवाचून तिच्यातील सुमारे एक लाख एकर घेतली. गरज असेतो मित्र आणि गरज सरल्यावर अडथळा, हीच रीत टेक्सासातही चालली.

ह्यूस्टन यांच्यानंतर अध्यक्ष झालेले मिराबो लमार यांना चेरोकी राज्यात नकोच होते. मेक्सिकोशी संधान बांधल्याचा आरोप ठेवून १८३९ मध्ये त्यांना निघून जाण्यास सांगण्यात आले. घरे आणि शेतांवरील सुधारणांचे मोल देऊ केले, जमिनीचे नाही. लढाईत निभाव लागणार नाही, हे दुवाली जाणून होते. तरीही तरुणांनी लढायचे ठरवल्यावर त्यांनी लोकांची साथ सोडली नाही.

१५ आणि १६ जुलै १८३९ रोजी नेचेस नदीजवळ लढाई झाली. ऐंशीच्या पुढचे दुवाली घोड्यावर बसून, ह्यूस्टन यांनी भेट दिलेली तलवार कमरेला लावून रणांगणात होते. माघारीच्या वेळी मागे राहिलेल्यांत ते होते. घोडा जखमी झाल्यावर ते पायउतार झाले, पाठीत गोळी लागून कोसळले, उठून बसले. तेव्हा एका कॅप्टनने त्यांच्या डोक्यात गोळी घातली. मृतदेह तेथेच पडून राहिला. वाचलेले चेरोकी उत्तरेकडे इंडियन टेरिटरीत, काही मेक्सिकोत गेले.

पूर्व टेक्सास असा मोकळा केल्यावर १८४१ मध्ये प्रजासत्ताकाने उत्तरेकडील विस्तीर्ण भूमी पीटर्स वसाहतीस करारावर दिली. कॉलिन काउंटी त्याच वसाहतीतून आकाराला आली. आज फ्रिस्कोत घर घेताना टायटल कंपनी मालकीची साखळी मागे मागे तपासत नेते. अशी साखळी प्रजासत्ताकाने किंवा राज्याने दिलेल्या पहिल्या सनदेपाशी संपते. टायलर शहराच्या आसपासच्या जमिनींना त्याआधीचाही एक लेख होता, दुवालींच्या निशाणीचा आणि ह्यूस्टन यांच्या सहीचा. कोणत्याही खरेदीखतात त्याचा उल्लेख येत नाही.