पंडिता रमाबाई
दुष्काळाने १८७४ च्या सुमारास आईवडील व थोरली बहीण नेली. १८८० मध्ये भाऊ श्रीनिवास, १८८२ मध्ये पती बिपिन बिहारी मेधवी गेले. १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. पण मन निवाले नाही. बुद्धीला पटलेला धर्म अंतःकरणात उतरण्यास आणखी सुमारे आठ वर्षे लागली. त्यांच्या चरित्राचे मर्म बहुधा या विलंबातच आहे. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळातील निराधार मुलींना त्यांनी केडगावी आश्रय दिला. स्वतः भोगलेली भूक त्या विसरल्या नव्हत्या. १९२१ मध्ये एकुलती कन्या मनोरमा निवर्तली. त्यानंतरही हिब्रू व ग्रीक मुळांवरून चाललेले बायबलचे मराठी भाषांतर त्यांनी सोडले नाही. ते पूर्ण करूनच ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला.