जोतीराव फुले यांचे घराणे

समाजाची स्मरणिका निघाली की तीत जोतीरावांवर एखादा लेख असतोच. बहुधा त्यात त्यांच्या कार्याचे वर्णन येते. परंतु ज्या घराण्यात ते वाढले त्या घराण्याची कहाणी क्वचितच सांगितली जाते. आम्ही बीड जिल्ह्यातील खेड्यांत अनेक वर्षे प्राथमिक शिक्षकाचे काम केले. आमचा वाचक बहुतांशी शेतकरी आहे. म्हणून यंदा एका शेतकरी कुटुंबाचा वृत्तांत या दृष्टीनेच ही हकीकत सांगण्याचे योजिले आहे.

या घराण्याचे मूळ आडनाव गोऱ्हे. सातारा जिल्ह्यातील खटाव तालुक्यात कटगुण हे त्यांचे मूळ गाव. जोतीरावांचे पणजोबा तेथे चौगुला होते. गावच्या कुळकर्ण्याशी त्यांचा तंटा विकोपास गेला आणि त्यांस वतनाचे गाव सोडून पुरंदर तालुक्यातील खानवडीस येऊन राहावे लागले. त्यांचे पुत्र शेटिबा हे स्वभावाने भोळे. ते कर्जबाजारी झाले आणि पोट भरण्यासाठी राणोजी, कृष्णा व गोविंद या तीन मुलांसह पुण्यास आले. शेत गेले, गाव सुटले आणि शहर जवळ करावे लागले. आपल्याकडे आजही घडते तेच दोनशे वर्षांपूर्वी या कुटुंबावर ओढवले होते.

पुण्यात हे तिघे भाऊ फुलांच्या धंद्यात तरबेज झाले. गजरे, हार, फुलांच्या गाद्या व पडदे करण्यातील त्यांचे कसब पेशव्यांच्या वाड्यापर्यंत पोहोचले. दुसऱ्या बाजीरावाने प्रसन्न होऊन त्यांस पस्तीस एकर जमीन इनाम दिली. फुलांच्या धंद्यावरून लोक त्यांस फुले म्हणू लागले आणि गोऱ्हे हे आडनाव मागे पडले. पुढे थोरल्या राणोजीने ते इनाम आपल्या एकट्याच्या नावे करून घेतले व धाकट्या भावांस त्यातून वगळले. भाऊबंदकी कोणत्या शेतकऱ्यास ठाऊक नाही? गोविंदरावांनी मात्र त्या दुःखात आयुष्य घालविले नाही. भाजीपाला व फुले यांचा व्यापार आणि शेती करून त्यांनी आपला संसार पुन्हा उभा केला.

गोविंदराव व चिमणाबाई यांचे राजाराम व जोतीराव हे दोन पुत्र. जोतीरावांचा जन्म 1827 सालचा. ते वर्षाचे होण्यापूर्वीच मातोश्री निवर्तल्या. पित्याने दुसरा विवाह केला नाही. सगुणाबाईंनी मुलाचा सांभाळ केला. सातव्या वर्षी जोतीराव शाळेत गेले, पण लोकांच्या सांगण्यावरून गोविंदरावांनी त्यांस शाळेतून काढून मळ्यात कामास लावले. 1840 साली नायगावच्या नेवसे पाटलांची कन्या सावित्रीबाई यांच्याशी त्यांचा विवाह झाला. शेजारच्या गफार बेग मुन्शी व लिजिट साहेब या दोघा सज्जनांनी गोविंदरावांची समजूत घातली, तेव्हा 1841 मध्ये मुलगा पुन्हा शाळेत बसला. दोन शेजाऱ्यांनी वेळीच शब्द टाकला नसता, तर जोतीरावांचे आयुष्य कदाचित मळ्यातच गेले असते.

1848 साली भिडे यांच्या वाड्यात जोतीरावांनी मुलींची शाळा काढली आणि सावित्रीबाई तेथे शिकवू लागल्या. लोकनिंदेच्या भयाने 1849 मध्ये गोविंदरावांनी पुत्र व सून यांस घराबाहेर काढले. या पित्यास आम्ही दोष देऊ इच्छित नाही. ज्या कुळास एकदा गाव सोडावे लागले आणि इनामासही मुकावे लागले, त्या कुळातील माणसास समाजाची भीती वाटणे स्वाभाविकच होते. पुत्राचे मोठेपण हे की, ती भीती त्याने आपल्यापाशी संपविली.

जोतीराव केवळ बोलणारे सुधारक नव्हते. ते सरकारी बांधकामांची कंत्राटे घेत. खडकवासल्याच्या धरणाच्या कामासही त्यांनी माल पुरविला. कालव्याचे पाणी घेण्यास शेतकरी बिचकत होते, तेव्हा त्यांनी मांजरीस जमीन करून त्या पाण्यावर बागाईत करून दाखविली. 1873 साली त्यांनी सत्यशोधक समाज स्थापिला. 1883 साली लिहिलेल्या शेतकऱ्याचा असूड या ग्रंथात शेतकऱ्याच्या दैन्याची कारणे सांगून त्यांनी उपायही सुचविले. पावसाचे पाणी शेतात मुरेल असे ताली व बंधारे घालावेत, तलाव बांधावेत, जनावरांची पैदास सुधारावी आणि शेतकऱ्यांच्या मुलांस विद्या द्यावी, हे त्यांचे आग्रह होते. आमच्या जिल्ह्यास 1972 चा दुष्काळ आठवतो. बीडजवळची खजाना बावडी निजामशाहीच्या काळापासून मळे भिजवीत आली. तेव्हा पाणी अडविण्याचे महत्त्व आपणांस परक्याने शिकविण्याची गरज नाही. ते आचरणात आणावयाचे राहिले आहे.

या दांपत्यास अपत्य नव्हते. काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेचा पुत्र यशवंत यास त्यांनी दत्तक घेतले आणि 1887 च्या मृत्युपत्राने त्यास आपला वारस केले. ज्या घराण्यात सख्ख्या भावाने भावाचा वाटा बळकावला, त्याच घराण्यातील या पुरुषाने रक्ताचे नाते नसलेल्या बालकास सर्वस्व दिले. 28 नोव्हेंबर 1890 रोजी जोतीराव निवर्तले. यशवंतराव डॉक्टर झाले. 1897 च्या प्लेगमध्ये रुग्णसेवा करीत असता सावित्रीबाईंनी देह ठेवला.

शिक्षक असताना दरवर्षी दिवाळीनंतर आमच्या वर्गातील कित्येक जागा रिकाम्या होत. आईबाप ऊसतोडीस निघत, त्यांच्यासंगे मुलेही जात. हजेरीपटावर गैरहजेरी मांडताना मळ्यात धाडलेला लहानगा जोती आमच्या डोळ्यांपुढे उभा राही. काही घरी जाऊन आम्ही आजीआजोबांस विनविले आणि थोडी मुले मागे राहिली. बरीच मात्र गेली, याची खंत आम्हांस आजही आहे. समाजबांधवांस आमची एवढीच नम्र विनंती आहे की, यंदा कारखान्यावर निघणाऱ्या शेजाऱ्याचे एक तरी मूल त्यांनी आपल्या घरी ठेवून शाळेत पाठवावे. गफार बेग मुन्शी व लिजिट साहेबांनी एका मुलासाठी जे केले, ते आपल्यालाही करता येण्याजोगे आहे.