केरूनाना छत्रे : गणिताला आकाशाची कसोटी लावणारे पंडित

कापडाचा ताका बाजारात जाण्यापूर्वी उजेडात पसरून तपासावा लागतो, हे पलसाणा परिसरातील गिरण्यांत राबणाऱ्या घरांतील लहान मुलांनाही ठाऊक असते. संगणकाच्या आज्ञावलीचीही अशीच तपासणी होते. तिला टेस्टिंग म्हणतात, आणि आज तो एक स्वतंत्र व्यवसाय झाला आहे. या नोकरीच्या मुलाखतीस जाणाऱ्या तरुणांना तिची मूलतत्त्वे विचारली जातात. व्याख्या पाठ करून उत्तरे देता येतात. परंतु ती तत्त्वे मनात ठसावयाची असतील, तर संगणकाच्या जन्मापूर्वीच त्यांप्रमाणे वागलेल्या एका महाराष्ट्रीय गणितज्ञाचे चरित्र पाहावे, असे आम्हांस वाटते.

केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजेच केरूनाना, यांचा जन्म १८२५ मध्ये अलिबागेजवळील नागाव या गावी झाला. त्यांचे शिक्षण मुंबईस एल्फिन्स्टन संस्थेत झाले. तेथे ऑर्लिबार नावाचे इंग्रज अध्यापक त्यांस लाभले आणि गणित व ज्योतिष या विषयांची गोडी त्यांस लागली. अगदी तरुण वयातच ते कुलाबा येथील वेधशाळेत नोकरीस लागले. ठरल्या वेळी यंत्रापाशी जावयाचे आणि जो आकडा दिसेल तोच वहीत उतरवावयाचा, असे ते काम होते. जे दिसते ते लिहावे, जे दिसावेसे वाटते ते लिहू नये, हा संस्कार त्यांच्या मनावर तेथे झाला असावा. तपासनिसाचा पहिला गुण तो हाच.

१८५१ मध्ये ते पुण्यास अध्यापक म्हणून आले. पुढे ते गणित व सृष्टिशास्त्र यांचे प्राध्यापक झाले. डेक्कन कॉलेजात त्यांनी काही काळ प्राचार्यांचेही काम पाहिले. अंकगणित व पदार्थविज्ञान यांवर त्यांनी मराठीत पाठ्यपुस्तके लिहिली. लोकमान्य टिळक हे त्यांचे आवडते शिष्य होत.

त्या काळी महाराष्ट्रातील पंचांगे बहुधा ‘ग्रहलाघव’ या ग्रंथावरून करीत. कोकणातील नांदगावचे गणेश दैवज्ञ यांनी हा ग्रंथ १५२० च्या सुमारास रचला. गणेश दैवज्ञांनी जुन्या ग्रंथांपैकी ज्याचे जे गणित आकाशाशी जुळले, तेच स्वीकारले होते. परंतु तीनशे वर्षांत पंचांग आणि आकाश यांत अंतर पडत गेले. पंचांगात ग्रहणाची एक वेळ असे आणि प्रत्यक्ष ग्रहण निराळ्याच वेळी लागे.

येथे मुलाखतीतील एका नेहमीच्या प्रश्नाचे उत्तर सापडते. मनुष्याच्या हातून होते ती चूक. तिच्यामुळे कृतीत राहतो तो दोष. आणि तो दोष एखाद्या प्रसंगी उघडकीस येतो तो बिघाड. सूर्यसिद्धांतात वर्षाचे मान खऱ्या नाक्षत्र वर्षाहून सुमारे साडेतीन मिनिटांनी अधिक धरलेले आहे. वर्षभरात ते कोणास जाणवणार? पण हजार वर्षांत तेच अंतर दोन दिवसांहून अधिक होते. दोष पंचांगात रोजच असे. तो सर्वांस दिसे मात्र ग्रहणाच्या दिवशी. म्हणून चाचणीसाठी प्रसंग निवडावयाचा तो असा, की जेथे दोष लपू शकणार नाही. आणि अपेक्षित उत्तर आधी लिहून ठेवून मगच प्रत्यक्षाशी ताडून पाहावयाचे.

केरूनानांनी युरोपीय ज्योतिष्यांच्या कोष्टकांच्या आधारे ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ हा ग्रंथ सिद्ध केला. तो १८६० मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे आबासाहेब पटवर्धन यांच्या साहाय्याने १८६५ पासून त्यांनी नवे पंचांग सुरू केले. तेच पटवर्धनी पंचांग होय. इंग्लंडात खलाशांसाठी छापल्या जाणाऱ्या नाविक पंचांगाचा त्यास आधार होता. त्यातील ग्रहणे व ग्रहांची स्थाने आकाशाशी जुळू लागली. गणित बरोबर ठरले.

पण कथा येथे संपत नाही. राशिचक्राचा आरंभ कोठून धरावा, हा प्रश्न होता. केरूनानांनी रेवती नक्षत्रातील एक तारा आरंभस्थान मानला. त्यामुळे संक्रांती इतर पंचांगांहून सुमारे चार दिवस आधी येऊ लागल्या, आणि काही वर्षी अधिक महिनाही निराळा पडू लागला. अधिक महिना बदलला की सणही महिन्याने मागेपुढे होतात. आपल्या घरी दिवाळी आणि शेजारी ती महिन्याने, हे कोणत्या गृहस्थास रुचेल? पटवर्धनी पंचांग थोड्याच घरांत शिरले. एका ठिकाणी दुरुस्ती केली की बाकीचे सर्व पुन्हा तपासावे लागते; त्यास रिग्रेशन टेस्टिंग म्हणतात. रचना आखल्याप्रमाणे झाली आहे काय, हे पाहणे म्हणजे व्हेरिफिकेशन. आणि ज्याच्यासाठी ती केली त्याची गरज भागते काय, हे पाहणे म्हणजे व्हॅलिडेशन. केरूनाना पहिल्या परीक्षेत उत्तीर्ण झाले. दुसरीत लोकांनी त्यांस पुरते गुण दिले नाहीत.

१८७७ मध्ये त्यांस रावबहादुर ही पदवी मिळाली, १८७९ मध्ये ते निवृत्त झाले आणि १८८४ मध्ये निवर्तले. त्यांचे कार्य टिळकांनी पुढे नेले. पंचांगशुद्धीसाठी १९०४ मध्ये मुंबईस परिषद भरली, आणि केरूनानांच्या पद्धतीचे पंचांग टिळकांच्या नावाने चालत आले. स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने समिती नेमली. तिने प्रत्यक्ष आकाशाशी जुळणारे गणित मान्य केले. आरंभस्थान मात्र रेवतीवरून न घेता चित्रा ताऱ्यावरून ठरविले. केरूनानांचे तत्त्व विजयी झाले, त्यांची निवड मागे पडली.

सुरतेचे आकाश १४ जानेवारीस उत्तरायणाच्या पतंगांनी भरून जाते. त्या दिवशी विद्यार्थ्यांनी टिळक पंचांग उघडून पाहावे. त्यात मकर संक्रांत सुमारे चार दिवस आधीच होऊन गेलेली दिसेल. ती तफावत पाहून कोणास हसू नये. दोष काढणे म्हणजे माणसास दोष देणे नव्हे. केरूनानांनी पूर्वाचार्यांची निंदा करण्यात आयुष्य वेचले नाही. त्यांचे गणित आकाशाखाली नेऊन ठेवले. आपले काम असे उजेडात पसरून पाहण्याचे धैर्य ज्याच्या अंगी आहे, त्यास मुलाखतीची भीती बाळगण्याचे कारण नाही.