शंभर मण्यांची माळ आणि वीस रुपये पगार: नैनसिंह रावत यांचा खिशात मावणारा सर्व्हे



नकाशांबद्दल मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न असा: दहा-पंधरा हजारांचं हातात धरायचं जीपीएस आणि फुकटचं क्यूजीआयएस घेऊन खरंखुरं व्यावसायिक काम होतं का, की ती नुसती हौस? मी बरेच दिवस ठामपणे हो म्हणत होतो. मग मागच्या उन्हाळ्यात एका गावाच्या पाणी योजनेसाठी विहिरी आणि बोअर नकाशावर टाकायचं काम अंगावर घेतलं, आणि तोंडावर आपटलो. ती फजिती शेवटी सांगतो. त्याआधी ज्या माणसामुळे मला माझी चूक समजली त्याच्याबद्दल सांगतो. त्याच्याकडे ना उपग्रह होते, ना बॅटरी. तरीही त्याने तिबेटचा नकाशा बदलला.

मिलमचे मास्तर

नैनसिंह रावत यांचा जन्म १८३० सालचा, कुमाऊंच्या जोहार खोऱ्यातला. मिलम हे त्यांचं गाव हिमनदीच्या पायथ्याशी. तिथल्या लोकांचा धंदा तिबेटशी व्यापार. उन्हाळ्यात घाट ओलांडून पलीकडे जायचं, मीठ आणि लोकर आणायची, धान्य विकायचं. त्यामुळे तिबेटी भाषा आणि चालीरीती नैनसिंहांना लहानपणापासून माहीत होत्या. १८५५ ते १८५७ या काळात ते जर्मन श्लागिंटवाइट बंधूंबरोबर मानसरोवर, लडाख या बाजूला फिरले आणि तिथेच उपकरणं पहिल्यांदा त्यांच्या हातात आली. पुढे ते गावच्या शाळेत मास्तर झाले. पंडित हे नाव त्यांना शिक्षक म्हणूनच चिकटलं, आणि नंतर तेच त्यांचं गुप्त नाव झालं.

त्यावेळी ग्रेट ट्रिगोनोमेट्रिकल सर्व्हेने भारत जवळजवळ मोजून काढला होता. एकेका थिओडोलाइटला उचलायला डझनभर माणसं लागायची. पण हिमालयाच्या पलीकडे नकाशा कोराच होता, कारण तिबेटमध्ये परक्यांना बंदी होती. कॅप्टन मॉन्टगोमेरी या अधिकाऱ्याने कल्पना काढली की गोरे नाहीत तर सीमेवरचे भारतीयच पाठवू, व्यापारी नाहीतर यात्रेकरूंच्या वेशात. १८६३ मध्ये नैनसिंह आणि त्यांचे चुलत भाऊ मणिसिंह डेहराडूनला प्रशिक्षणासाठी आले. पगार महिना वीस रुपये.

इथे एक गोष्ट लपवण्यात अर्थ नाही. हे काम हेरगिरीचं होतं आणि इंग्रजी साम्राज्यासाठी होतं. नकाशा ही कधीच नुसती माहिती नसते, ती कोणाच्या तरी कामाची असते. आज आपण लोकेशन शेअर करतो तेव्हाही हे लागू आहे.

उपकरणं: साधी, स्वस्त, लपवता येणारी

आता तांत्रिक भाग, आणि मला सगळ्यात आवडणारा.

अंतर मोजायला पाय. प्रशिक्षणात त्यांना चढ असो, उतार असो, पाऊल एकसारखंच टाकायला शिकवलं गेलं. साधारण दोन हजार पावलांचा एक मैल, म्हणजे एक पाऊल सुमारे ८० सेंटिमीटर. मोजणीसाठी जपमाळ. बौद्ध माळेत १०८ मणी असतात, यांच्या माळेत १००. दर शंभर पावलांना एक मणी सरकवायचा. पूर्ण माळ म्हणजे दहा हजार पावलं, म्हणजेच पाच मैल. आठ मणी कमी आहेत हे कोण मोजणार?

नोंदी ठेवायला प्रार्थनाचक्र. आत मंत्रांऐवजी कोऱ्या कागदाच्या पट्ट्या. कोणी जवळ आलं की चक्र फिरवत जप सुरू करायचा. जप करणाऱ्याला कोणी मध्येच थांबवत नाही, आणि पावलांची मोजणीही चुकत नाही.

दिशेला छोटा कंपास. अक्षांशाला सेक्स्टंट, पेटीच्या चोरकप्प्यात. सेक्स्टंटला क्षितिज लागतं, पण डोंगरात ते दिसत नाही. म्हणून कवड्यांमध्ये भरून पारा न्यायचा आणि तो वाटीत ओतायचा. पारा आपोआप सपाट होतो. तारा आणि पाऱ्यातलं त्याचं प्रतिबिंब यांच्यामधला कोन मोजायचा आणि निम्मा करायचा, म्हणजे ताऱ्याची उंची मिळते. तीवरून गणिताने अक्षांश.

समुद्रसपाटीपासूनच्या उंचीला थर्मामीटर आणि उकळतं पाणी. वर जाल तसा हवेचा दाब कमी होतो आणि पाणी लवकर उकळतं. ढोबळमानाने दर तीनशे मीटरला एक अंश सेल्सिअसचा फरक. चहाचं आधण ठेवता ठेवता खिंडीची उंची कळते!

आपल्या मोबाईलमध्ये आज हेच सगळं चिपच्या रूपात आहे. पावलं मोजणारा सेन्सर, मॅग्नेटोमीटर, काही फोनमध्ये बॅरोमीटर. बोगद्यात जीपीएस गेलं की फोन पावलं आणि दिशा वापरून अंदाज बांधतो, त्याला डेड रेकनिंग म्हणतात. नैनसिंहांनी ते महिनोन्महिने केलं.

लासा, १८६६

१८६५ च्या जानेवारीत दोघे भाऊ निघाले. आधी नेपाळमार्गे काठमांडू. सीमेवर अडवणूक झाली, मणिसिंह वेगळ्या वाटेने गेले. नैनसिंहांनी वेश बदलला, लडाखी व्यापारी बनले आणि एकटेच पुढे सरकले. शिगात्सेला पैसे संपत आले तेव्हा तिथल्या नेपाळी व्यापाऱ्यांना हिशेब शिकवून दिवस काढले. मास्तरकी तिथेही कामाला आली. जानेवारी १८६६ मध्ये ते लासाला पोचले.

तिथे ते तीन महिने राहिले. रात्री छपरावरून ताऱ्यांची निरीक्षणं आणि दिवसा साधा यात्रेकरू. त्यांनी काढलेला लासाचा अक्षांश २९ अंश ३९ मिनिटांच्या घरात आला. आज कुठलंही नकाशा ॲप उघडून बघा, तोच आकडा दिसेल. पण धोका डोक्यावर होताच. काही व्यापाऱ्यांना त्यांचं सोंग कळलं होतं. परवानगीशिवाय लासात आलेल्या एका माणसाचं मुंडकं उडवलेलं त्यांनी डोळ्यांनी पाहिलं, आणि त्यानंतर राहण्याची जागा बदलून बाहेर पडणंच कमी केलं. एप्रिलमध्ये ते निघाले आणि त्सांगपो नदीच्या काठाने पश्चिमेला मानसरोवरापर्यंत चालत गेले. हीच नदी खाली ब्रह्मपुत्रा होते, हा समज त्यांच्या नोंदींनी बळकट झाला. वाटेत घड्याळही गहाण टाकावं लागलं. एकूण मोजणी सुमारे बाराशे मैल. गुणाकार केला तर चोवीस लाख पावलं.

खरी कमाल: चूक पकडायची पद्धत

मला सगळ्यात जास्त शिकवलं ते या भागाने. पावलं मोजण्यात चूक होणारच. दमलेला माणूस लहान पाऊल टाकतो. बाराशे मैलांत ती चूक साठत जाते. मग या आकड्यांवर विश्वास ठेवायचा कसा?

उत्तर असं की एका उपकरणाची चूक दुसऱ्याने पकडायची. रस्ता उत्तर-दक्षिण जात असेल तिथे दोन्ही टोकांचे अक्षांश ताऱ्यांवरून मिळतात. त्यांच्यातला फरक म्हणजे खरं अंतर. ते पावलांच्या अंतराशी ताडून बघितलं की पाऊल नेमकं किती लांबीचं पडलं ते कळतं. पूर्व-पश्चिम भागात ही सोय नाही, कारण रेखांशाला अचूक वेळ लागते. तिथे आधीच स्थान माहीत असलेल्या ठिकाणांशी मार्ग जोडून घ्यायचा. स्वस्त उपकरण, पण तपासणी काटेकोर. डेहराडूनला बसलेल्या गणितज्ञांना हे करता आलं, कारण नैनसिंहांनी कच्च्या नोंदी जशाच्या तशा आणल्या होत्या.

पुढचा प्रवास आणि उशिरा मिळालेलं नाव

१८६७ मध्ये ते पश्चिम तिबेटातल्या ठोक जालुंगच्या सोन्याच्या खाणींपर्यंत गेले. नंतर यारकंदच्या मोहिमेत होते. १८७४ च्या जुलैमध्ये लेहहून शेवटची मोठी मोहीम निघाली. सामान मेंढरांच्या पाठीवर, वाट उत्तर तिबेटच्या उजाड पठारावरून. लासात या वेळी जेमतेम दोन दिवस थांबता आलं. तिथून तवांग, जिथे त्यांना बरेच दिवस अडकवून ठेवलं, आणि मार्च १८७५ मध्ये आसामात उदलगुरी. हा सुमारे तेराशे मैलांचा मार्ग, आणि त्यातला बहुतेक भाग तोवर कोणीही मोजला नव्हता. उंचावरच्या त्या वर्षांनी त्यांची दृष्टी अधू केली.

दरम्यान मॉन्टगोमेरीने लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीच्या अंकात १८६८ मध्येच या पहिल्या प्रवासाचं आणि त्याच्या युक्त्यांचं सविस्तर वर्णन छापून टाकलं होतं. नाव गाळलं, फक्त पंडित म्हटलं. पण माळ, चक्र, वेश सगळं उघड केलं, तेही यांच्यासारखी माणसं अजून तिबेटात ये-जा करत असताना. आजच्या भाषेत नाव काढलं म्हणजे डेटा सुरक्षित झाला, असा हा गैरसमज. जिवाची जोखीम मात्र चालणाऱ्याची होती.

१८७७ मध्ये त्याच सोसायटीने त्यांना सुवर्णपदक दिलं, सरकारने जमीन दिली. निवृत्तीच्या काळात त्यांनी नव्या सर्व्हेअरना शिकवलं, म्हणजे पुन्हा मास्तरच. १८८२ मध्ये त्यांचं निधन झालं. भारतीय टपाल खात्याने त्यांचं तिकीट काढलं ते २००४ मध्ये.

माझ्या विहिरी

आता माझी फजिती. मी जुन्या टोपोशीटचा स्कॅन क्यूजीआयएसमध्ये बसवला आणि त्यावर जीपीएसचे बिंदू टाकले. गावातल्या एका आजोबांनी प्रिंट बघितली आणि शांतपणे म्हणाले की त्यांची विहीर नाल्यापलीकडे, शेजाऱ्याच्या रानात दाखवली आहे. त्या दोन घरांत बांधावरून आधीच कोर्टकचेरी सुरू होती. मला घाम फुटला.

मी दोष स्वस्त यंत्राला दिला. चूक माझी होती. जुनी शीट एव्हरेस्ट लंबगोलावर, जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ वर. पृथ्वीचा आकार दोघांनी वेगवेगळा धरलाय. रूपांतर न करता एकावर दुसरं ठेवलं की आपल्याकडे शंभर मीटरहून जास्त फरक पडतो. मी एकाही ओळखीच्या बिंदूवर उभं राहून तपासणी केली नव्हती. वीस रुपये पगारावर, पकडलं गेल्यास जीव जाईल अशा ठिकाणी नैनसिंहांनी जी तपासणी केली, ती मी चहा पीत बसून टाळली होती.

दुसऱ्या खेपेला गेलो तेव्हा आधी देवळाचा चौथरा आणि पुलाचे दोन कोपरे मोजले. नकाशावर ते जागेवर बसले, तेव्हाच विहिरींना हात लावला. प्रत्येक विहिरीपाशी पाच मिनिटं थांबून सरासरी घेतली, परत दुसऱ्या दिवशी मोजलं, आणि कच्च्या नोंदींची फाईल तशीच जपली.

तर मूळ प्रश्नाचं उत्तर. हो, काम होतं. विहिरी, झाडं, रस्ते, पाइपलाइनचा कच्चा आराखडा यांना मोकळ्या आकाशाखाली तीन ते पाच मीटरची अचूकता पुरते. शेताच्या हद्दीला ती पुरत नाही. बांधावर पाच मीटर म्हणजे भांडण. तिथे सरकारी मोजणीच हवी. मी दिलेल्या नकाशाच्या खाली आता हे वाक्य ठळक अक्षरात छापलेलं असतं. आजोबांनी ते वाचलं, चष्मा काढला आणि सही केली.