मुलांवर विश्वास टाकणारा सेनापती

स्काउट म्हटलं की आपल्याला शाळेतला स्कार्फ, शिट्टी आणि दोरीच्या गाठी आठवतात. सरांनी सांगायचं आणि आपण करायचं! पण ही चळवळ सुरू करणाऱ्या रॉबर्ट बेडन पॉवेल यांचं चरित्र वाचलं, तेव्हा मला वेगळंच चित्र दिसलं.

त्यांचा जन्म २२ फेब्रुवारी १८५७ रोजी लंडनला झाला. तीन वर्षांचे असतानाच वडील वारले. शाळेत असताना हा मुलगा मास्तरांची नजर चुकवून जवळच्या रानात जाऊन बसायचा. आवाज न करता चालणं, धूर न करता चूल पेटवणं हे सगळं तो तिथे स्वतःच शिकला. १८७६ मध्ये ते सैन्यात भरती होऊन भारतात आले. पुढे मेरठला त्यांनी सैनिकांच्या छोट्या तुकड्या करून त्यांना टेहळणी शिकवली आणि त्यावर एक पुस्तकही लिहिलं. १८९९-१९०० मध्ये दक्षिण आफ्रिकेत माफेकिंगला २१७ दिवस वेढा पडला. तेव्हा निरोप पोचवायचं काम गावातल्या लहान मुलांनी केलं. जबाबदारी दिली की मुलं ती पेलतात, हे त्यांनी तिथे बघितलं.

१९०७ च्या ऑगस्टमध्ये ब्राउनसी बेटावर त्यांनी सुमारे वीस मुलांचं शिबिर घेतलं. श्रीमंतांची मुलं आणि कामगारांची मुलं एकत्र! त्यांचे चार संघ केले आणि प्रत्येक संघाचा नायक त्यांच्यातलाच एक मुलगा. १९०८ मध्ये त्यांचं मुलांसाठीचं पुस्तक दर पंधरवड्याला एक असं भागाभागाने निघालं. आणि गंमत म्हणजे, मुलांनी ते वाचून आपापले संघ आधी काढले, मग स्काउटमास्तर व्हायला कोणी मोठं माणूस मिळतंय का ते शोधलं! १९०९ च्या लंडनच्या मेळाव्यात तर मुलीही न बोलावता हजर झाल्या. त्यातूनच १९१० मध्ये गाइड चळवळ उभी राहिली.

पण एक गोष्ट खटकते. भारतात ही चळवळ १९०९ मध्ये आली ती फक्त युरोपियन आणि अँग्लो-इंडियन मुलांसाठी. आपल्या मुलांना दार बंद! म्हणून १९१६ मध्ये अ‍ॅनी बेझंट यांनी भारतीय मुलांसाठी वेगळी संघटना काढली. १९२१ मध्ये बेडन पॉवेल भारतात आले, तेव्हा ती मूळ चळवळीत सामील झाली. म्हणजे मुलांवर विश्वास टाकणाऱ्यांच्या चळवळीलाही आपल्या मुलांवर विश्वास टाकायला बारा वर्षं लागली. ८ जानेवारी १९४१ ला केनियात त्यांचं निधन झालं.

हे सगळं मी आत्ता का लिहितोय? कारण घोटावड्याचं आपलं एनएसएस शिबिर. टाईमटेबल आधीच छापून आलं होतं. सकाळी श्रमदान, दुपारी व्याख्यान, रात्री करमणूक. आमच्या गटाला ओढ्याची लेव्हल घेऊन गावाला नकाशा करून द्यायचा होता. सर्व्हेइंग शिकलोय ना आपण! पण त्याला टाईमटेबलमध्ये जागाच नव्हती.

सरांच्या कष्टांबद्दल शंका नाही. त्यांनी धावपळ केली म्हणूनच शिबिर झालं. पण पुढच्या वर्षी सात-आठ जणांचे गट करून, गावकऱ्यांशी बोलून, निदान दोन दिवसांचं काम गटांनाच ठरवू द्यावं, असं मला वाटतं. काम फसलं तर संध्याकाळी सगळ्यांसमोर उत्तरही गटानेच द्यायचं. वीस वर्षांचे आहोत आपण. ब्राउनसीवरची मुलं तर आपल्यापेक्षा बरीच लहान होती!