सायकलीच्या दुकानातून नांगराकडे

पुण्याहून मिरजेकडे निघालेली गाडी ताकारी सोडून भिलवडीच्या दिशेने धावू लागली, की मध्ये किर्लोस्करवाडी लागते. घाईतल्या प्रवाशाला ते इतर स्थानकांसारखेच एक स्थानक वाटते. पण ज्या जागेवर आज कारखाना आणि वसाहत आहे, ती १९१० साली औंध संस्थानातील माळरान होती. बत्तीस एकर जमीन, निवडुंगाचे रान आणि सापांचा सुळसुळाट. जवळच्या स्थानकाचे नाव तेव्हा कुंडल रोड. येथे पंचवीसेक कामगार आपली बायकामुले आणि भांडीकुंडी घेऊन उतरले. त्यांचा म्होरक्या एकेचाळिसाव्या वर्षात होता. पोटापाण्याच्या उद्योगाचे वय नसते ते. आवरते घेण्याचे असते, निदान त्या काळी तरी तसेच मानीत.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचे चरित्र आपण बहुधा शेवटाकडून वाचतो. पंप, इंजिने, मासिके, दूरवर पसरलेला व्याप, हे सारे ठाऊक असल्यामुळे या माणसाला आपण काय करायचे ते पहिल्या दिवसापासून कळले होते, असा आपला समज होतो. तारखा मात्र वेगळेच सांगतात. बेळगावात सायकलीचे दुकान निघाले ते १८८८ साली. लोखंडी नांगर तयार झाला तो १९०३ च्या सुमारास. मधली पंधरा वर्षे हा गृहस्थ चाचपडतच होता. मला स्वतःला त्यांच्या आयुष्यातला हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो.

त्यांचा जन्म २० जून १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचा. ‘शाकुंतल’ आणि ‘सौभद्र’कार अण्णासाहेब किर्लोस्करही याच गावचे, ही मौजेची गोष्ट. लक्ष्मणरावांनाही ओढ कलेचीच होती. शाळेत मन रमेना, म्हणून १८८५ साली ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. पुढे ध्यानात आले, की काही रंगांमधला फरक त्यांच्या डोळ्यांना कळतच नाही. चित्रकार होऊ पाहणाऱ्याला याहून क्रूर निकाल कोणता? रंगांची वाट बंद झाली, तेव्हा रंगांची गरज नसलेले यांत्रिक आरेखन त्यांनी धरले, आणि त्याच्या जोरावर व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षकाची नोकरी मिळवली. तेथल्या कार्यशाळेत यंत्रांशी त्यांची गट्टी जमली. पण बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियनाला देण्यात आली. लक्ष्मणरावांनी नोकरीवर पाणी सोडले आणि बेळगाव गाठले.

बेळगावात थोरले बंधू रामूअण्णा होतेच. मुंबईहून लक्ष्मणरावांनी सायकली धाडायच्या आणि रामूअण्णांनी त्या खपवायच्या, असा क्रम नोकरीच्या काळातच सुरू झाला होता. सायकल ही तेव्हा हौशी आणि सधन माणसाची वस्तू. ती विकत देत आणि पंधरा रुपये घेऊन चालवायलाही शिकवीत. धंदा वाईट नव्हता. पण सायकल परदेशातून यायची. तिच्यात दुकानदाराचे स्वतःचे असे काय होते? हाताशी यंत्र आल्यावर लक्ष्मणरावांनी काय काय करून पाहिले. त्यातले कडबा कापण्याचे यंत्र शेतकऱ्याच्या गोठ्यापर्यंत पोहोचले. तेथून नांगराकडे नजर वळणे साहजिक होते.

नांगर तयार झाला आणि पडून राहिला. लोखंडाने जमिनीत विष भिनते, अशी शेतकऱ्यांची ठाम समजूत होती. पहिला नांगर खपायला दोन वर्षे लागली! या समजुतीला हसणे सोपे आहे. पण थोडा विचार करावा. लाकडी नांगर गावचा सुतार बनवी आणि बलुत्याच्या धान्यावर त्याची दुरुस्ती घरच्या घरी होई. लोखंडी नांगराला रोख पैसा हवा, आणि तो मोडला तर दाद कोणाकडे मागायची? नवे अवजार घेणे म्हणजे गावातल्या ओळखीच्या माणसाला सोडून दूरच्या अनोळखी माणसावर भरवसा टाकणे. विषाची भीती वरवरची असेल. खालची भीती ही असणार, असे मला वाटते.

हा भरवसा मिळवणे हेच मग कारखान्याचे काम होऊन बसले. फाळ टणक हवा, नाहीतर तो काळ्या रानात बोथट होतो. फार टणक केला तर ठिसूळ होऊन मोडतो. दोन्हींचा मेळ घालायला ओतकाम नीट साधावे लागते, आणि ते शिकवणारे जवळपास कोणी नव्हते. इंग्रजी ग्रंथ चाळायचे, करून पाहायचे, फसले की पुन्हा भट्टी पेटवायची. विलायती नांगर बाजारात होते. तुलना त्यांच्याशी होणार होती. हरळी माजलेल्या जमिनीत खोल शिरून मुळ्या वर काढणारा नांगर एकाने वापरला आणि शेजाऱ्याने बांधावरून पाहिला, की जाहिरातीपेक्षा जास्त काम होई. अर्थात या नांगराला बैलही दणकट लागत आणि लहान शेतकऱ्याला तो परवडणारा नव्हता, हेही विसरून चालणार नाही.

घडी बसू लागली न लागली, तोच बेळगावच्या नगरपालिकेने नव्या वस्तीसाठी कारखान्याची जागा मागितली. कारखाना उठवून न्यायचा कोठे? औंधला एका मोठ्या सभामंडपाच्या बांधकामाचे काम लक्ष्मणरावांकडे होते. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार. चित्रकार होऊ न शकलेल्या या यांत्रिकाशी त्यांचा स्नेह जुळला होता. त्यांनी आपल्या संस्थानात जागा आणि दहा हजार रुपयांचे कर्ज देऊ केले. १० मार्च १९१० रोजी माळावर काम सुरू झाले.

बरोबर आलेली माणसेही पाहण्यासारखी होती. शंभूराव जांभेकरांचे कॉलेज अर्धवट सुटलेले, तर अनंतराव फळणीकरांची शाळाच. हिशेब मंगेशराव रेग्यांकडे, पडेल ते काम के. के. कुलकर्ण्यांकडे, आणि वसाहतीचा कारभार रामूअण्णांकडे. रात्रीच्या पहाऱ्यावर लक्ष्मणरावांनी तुरुंगातून सुटून आलेली माणसे नेमली. वाडीत शिवाशिव पाळायला त्यांनी बंदी केली. १९१० च्या सुमारास एका खासगी कारखानदाराने हे करावे, तेही ज्याला गिऱ्हाईक गमावणे परवडणारे नव्हते त्याने, याचे मोल ठळकपणे नोंदवले पाहिजे.

आणि मग १९१४ साली महायुद्ध पेटले. लोखंड, कोळसा, रंग सारे परदेशातून किंवा दुरून येणारे. एकेक करून ते मिळेनासे झाले. विलायती नांगरही येईनात. म्हणजे मागणी दारात उभी आणि घरात कच्चा माल नाही! सायकलीच्या दुकानावर ही पाळी आली असती, तर माल आला नाही म्हणून फळ्या लावून स्वस्थ बसता आले असते. पण पेरणी युद्धासाठी थांबत नाही. नांगर घेतलेल्याला दरसाल नवा फाळ लागणार, आणि तो देण्याचा भरवसा याच कारखान्याने दिलेला. लक्ष्मणरावांनी दगडी कोळशाऐवजी लाकडावर चालणारी भट्टी उभारली. रंगही इथल्याच पदार्थांतून करून पाहिला. राहिले लोखंड. तेव्हा कोल्हापूरचे शाहू महाराज मदतीला आले. गडावर गंजत पडलेल्या जुन्या तोफा त्यांनी देऊन टाकल्या. त्या तोफा भट्टीत वितळल्या आणि त्यांचे नांगर झाले. इतिहासप्रेमी मंडळींना कदाचित वाईट वाटेल. मला नाही वाटत.

युद्ध संपले तेव्हा वाडी टिकून होती. १९२० साली किर्लोस्कर ब्रदर्स ही लिमिटेड कंपनी झाली. त्याच वर्षी पुतणे शंकरराव यांनी ‘किर्लोस्कर खबर’ काढले. त्याचेच पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले. चुलत्याचे चरित्र ‘यांत्रिकाची यात्रा’ या नावाने लिहिणारे तेच. छोट्या धंद्याची हकिकत येथे संपते आणि मोठ्या उद्योगाची सुरू होते. ती पुष्कळांनी सांगितली आहे. लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी वारले. कुंडल रोड हे नाव तोवर मागे पडून स्थानकाच्या पाटीवर किर्लोस्करवाडी आले होते.